उलटवलेली शेरवानी

नातवाच्या कोटाची उसवलेली शिवण पाहिली आणि मस्तगडचं आमचं खोपट आठवलं. तेव्हा घरात दोन वेळची भाकर मुश्किल, आणि हैदराबादच्या कॉलेजात शेरवानीशिवाय वर्गात बसता येत नसे. वडील, आमचे दादा, मंठ्याच्या बाजारातून जुने कपडे आणून पुन्हा शिवत. त्यांनी एका वकिलाची विटकी शेरवानी आणली.

"दादा, पोरं हसतील."

"थांब की! आतून कुणी पाह्यली का?"

त्यांनी शिवण उसवून कापड उलटं केलं. आतली बाजू काळीभोर, बिलकुल नवी! मी बघतच राहिलो. तेव्हा ती जादू वाटली. त्यांची नजर आज कळते.

छातीवरचा डावीकडचा खिसा मात्र उजवीकडं गेला. दादा हसले, "विचारलं तर सांग, वकिलानं बाहेरून घातली, मी आतून घालून राह्यलो."

त्याच शेरवानीत मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला.