माळ्यावरचा फिल्टर
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून तो काळा फिल्टर खाली आला की माझं डोकंच फिरतं. काही वर्षांपूर्वी आमच्या काचेच्या टाकीत एकच निळा फायटर मासा होता, झालरीसारख्या लांब शेपटीचा. पाण्याला जोर असला की त्याला पोहता येत नाही, हे मी वाचून ठेवलं होतं. फिल्टर घ्यायला मी आणि नवरा सीवूड्सच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. तिथे शेवाळाचा ओला वास कोंडला होता, पंप घुरघुरत होते. "दादा, पाणी हळू ओढणारा साधा स्पंज फिल्टर द्या," मी म्हटलं. मी समोर उभी असताना दुकानदाराने उत्तर दिलं ते माझ्या नवऱ्याला. "सर, हा घ्या. एकदम पॉवरफुल." मी पुन्हा सांगितलं, याने मासा मरेल. "मॅडम फारच टेन्शन घेतात," तो म्हणाला, आणि नवरा हसला. हसत हसतच त्याने तो फिल्टर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मासा फिल्टरच्या जाळीला चिकटून मेला होता, अर्धी शेपटी आत ओढलेली. "मासाच कमजोर निघाला," नवरा चहा फुंकत म्हणाला. काल तो फिल्टर पुन्हा हातात आला. "अगं, टाकून दे ना आता," नवरा म्हणाला. मी तो नीट पुसला आणि परत माळ्यावर ठेवला.