गोधडीचं दुसरं टोक

भर दुपारी वैजयंताच्या डोळ्यांवर झापड येते. जेवलेली नाहीच. जुनी गोधडी अंगावर ओढून ती माहेरी भिंतीकडं तोंड करून पडली आहे, आणि पलीकडं आई गवारीच्या शेंगा मोडते आहे, त्याचा कट् कट् आवाज येतोय. थोड्या वेळानं दिगंबर, म्हणजे तिचा नवरा, रिक्षा घेऊन येईल आणि तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेईल. ही दुसरी खेप.

पहिल्या खेपेला बाईंनी दोन गोष्टी मुद्दाम विचारल्या होत्या. घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? आणि कधी याच्या अगदी उलट होतं का, झोप नाही तरी थकवा नाही, नुसता कामाचा सपाटा? दोन्हीला वैजयंता नाही म्हणाली. पहिलं 'नाही' आईनं पढवलेलं होतं. नात, म्हणजे वैजयंताची मुलगी, लग्नाची झालीय, असलं काही बाहेर फुटलं तर स्थळं फिरकायची नाहीत, असं आईचं म्हणणं. दुसरं 'नाही' मात्र वैजयंताचं स्वतःचं. मग बाई तरी काय करणार? त्यांनी उदासीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या चालू आहेत, आणि सकाळ झाली की तिला अजून रडूच कोसळतं. आपण मेलो तर बरं, असं मनात येतं, हे तिनं दिगंबरलासुद्धा सांगितलेलं नाही.

कट् कट् आता धप् धप् होतं. कुणीतरी कपडे आपटतंय. वैजयंता दवाखान्याच्या बाकावर बसली आहे, पण पायाखाली ओली वाळू आहे. डॉक्टरीणबाईंचं टेबल गोदावरीच्या काठावर मांडलंय, खुर्ची रिकामी, आणि शेजारच्या दगडावर पदर खोचून गोकर्णाआत्या गोधड्या धुते आहे.

ही वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेली. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची रीत, तर एका वर्षी या बाईनं आख्ख्या गल्लीच्या गोधड्या गोळा करून नदीवर नेल्या. जेवणाची शुद्ध नाही, झोप नाही, तोंडाची टकळी चालू. बायका तिच्या पाया पडल्या, देवीचं बळ आलंय म्हणाल्या. दिवाळीला तीच आत्या मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली, तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, नाटकं करते. पुढं ती नदीत गेली. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं आणि तिचं नावच टाकलं.

"आलीस? धर ते टोक," आत्या म्हणते. जणू कालच भेटली होती.

ओली गोधडी काय जड असते. दोघी दोन बाजूंनी पिळायला लागतात, एक इकडून, एक तिकडून.

"आत्या, तुला काय झालं होतं गं?"

"मला कुठं कुणी सांगितलं?"

"दाखवलं नव्हतं का कुणाला?"

"दाखवलं की. देवऋषी झाला, मग एक डॉक्टर झाला. पण पडून होते तेव्हा. त्यानं नाडी बघितली, अशक्तपणा म्हणाला, टॉनिक दिलं. इथं नदीवर होते तेव्हा कोण दाखवायला नेतंय? तेव्हा तर माझं कौतुक चाललं होतं."

गोधडीतून पाणी गळतं ते फरशीवर. हे वैजयंताचं स्वतःचं स्वयंपाकघर आहे. भिंती पिवळ्याधमक.

"हे कुणी रंगवलं?" आत्या विचारते.

"मी. श्रावणात. एका रात्रीत. झोपच नको वाटायची. दिगंबर हसायचे, म्हणायचे, तुझ्या अंगात वारं शिरलंय. शेजारणी बघायला आल्या होत्या."

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?"

"ते कशाला सांगू? ते काय दुखणं आहे?" वैजयंता आपल्या टोकाला हिसका देते. "आत्या, तेवढेच दिवस मी माझी असते गं. तेही दुखणंच निघालं, तर माझं म्हणून काय उरलं?"

आत्या आणखी एक पीळ घालते. पाणी घोट्यापर्यंत आलंय. पिवळ्या भिंतींच्या बुडाशी शेवाळ दिसतंय.

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणते. "पडल्या पडल्या त्याच दिवसांची वाट बघत होते. आलेच नाहीत."

"तुझा पाय घसरला ना गं?"

आत्या आपलं टोक मनगटाला गुंडाळते. पाणी गुडघ्याला लागतं.

"तू टोक सोडू नकोस."

"हात दुखतात माझे. मला नाही होत आता."

"दुखू देत. एकटीनं पिळायचं काम नाही हे. तुझी आई धरायची माझ्यासमोरचं टोक. मी पडले, तसं तिनंही सोडलं."

बाहेर रिक्षाचा भोंगा वाजतो. वैजयंता डोळे उघडते. अंगावर गोधडी नाही. ती खाटेवर लांब पडली आहे, कोरडी ठणठणीत आणि दोरखंडासारखी पिळलेली. एक टोक वैजयंताच्या मुठीत आहे, तळहात लाललाल झालेत. पायाकडच्या टोकालाही तसाच पीळ आहे, उलट्या बाजूनं.

आई दारात येते. "ऊठ, ते आलेत. आणि त्या गोकर्णाचं नाव काढू नकोस तिथं..." तिची नजर खाटेवर जाते. "हे कुणी पिळलं?"

"मी."

"एकटीला येत नाही असं पिळता," आई म्हणते. तिनं नदीवर जन्मभर गोधड्या पिळल्यात.

"आई, मी आत्याचं सांगणार आहे आज. आणि मी चांगली असते तेव्हाचंही सांगणार आहे."

"चांगली असतेस, त्यात काय सांगायचं?"

"तेच सांगायचंय," वैजयंता म्हणते आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागते. भिंत रंगवतानाचा तो आनंद आज ती स्वतःच्या तोंडानं आजारात जमा करणार आहे, आणि तसं केलं नाही तर पुढं नदी आहे, हे तिला कळून चुकलंय.

भोंगा पुन्हा वाजतो. आई वाकून पायाकडचं टोक उचलते.

"तू शाळेत होतीस तेव्हा. नदीवरचं सगळं तुला कुठं ठाऊक असणार," ती म्हणते. मग गोधडी तशीच पिळलेली काखेत मारते आणि आपल्या चपला शोधायला लागते.