आजोबांच्या वाट्याला कुत्रा

बाळांनो, गेल्या महिन्यात आपल्या वडगावच्या घरी तुमच्या आजोबांचा आणि माझा घटस्फोट जवळजवळ मंजूर झाला. खरं तर लग्न मानसीचं ठरत होतं.

तुमची ही चुलतबहीण स्वतःच्या कमाईने घेतलेले दोन माग चालवते. "आजी, उद्या काही बिनसलं तर माग माझेच राहतील, असं लग्नाआधी लिहून ठेवायचंय. विनायक तयार आहे. कागद तूच लिही आणि त्याच्या घरच्यांनाही तूच हळूच सांग," ती म्हणाली. (मी इंग्रजी शाळेत शिकल्याचा हा दंड!) नमुन्याशिवाय मी काही लिहीत नाही. म्हणून करारात आधी माझं नि आजोबांचं नाव घालून पाहिलं आणि तो नमुना नीट फाइलमध्ये ठेवला. यादीच्याच फाइलमध्ये!

यादी म्हणजे मंडप कोणाचा, जेवण कोणाचं, हे लिहिलेला कागद. त्याला हळदकुंकू लावतात, तो मोठ्याने वाचतात आणि दोन्हीकडचे वडीलधारे सह्या करतात. विनायकची बेळगुंदीची मंडळी आली. मी चष्मा न लावताच हळदकुंकू लावलं आणि कागद विनायकच्या काकांच्या, आप्पांच्या हाती दिला.

"लग्न मोडल्यास," आप्पा खणखणीत वाचू लागले, "घर सुलोचनाबाईंचं..."

सुलोचनाबाई म्हणजे मी! मी कागदाकडे धावले.

"आप्पा, थांबा! कागद चुकला!"

"थांबा कसं? हळदकुंकू लागल्याला कागद अर्ध्यात ठेवायचा न्हाय, आक्का. स्कूटर आन् कुत्रा यजमानांचा..."

"कुत्रा मला?" आजोबा ताडकन उठले. "आन् कुकर?"

"कुकर आक्कांचा."

विनायकच्या आईने माझा हात धरला. "आक्का, ह्या वयात कुठं निघालासा?"

"आजीच निघाली, तर नात नांदंल व्हय?" विनायकचे वडील चपला शोधू लागले. मानसी रडवेली झाली. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे घटस्फोट तुमचा न्हाय, मानसीचा? लग्नाआधीच?"

"बाबा, कुणाचाच न्हाय!" विनायक ओरडला. "माग तिचं हाईत, तिचंच ऱ्हाणार. एवढंच!"

त्याची आई विचारात पडली. "माझ्या म्हशी मी पाटल्या मोडून घेतल्यात. त्यांचाबी असा कागद हुतोय काय?"

विनायकच्या वडिलांनी पायात सरकवलेल्या चपला काढल्या आणि ते खाली बसले.

मानसीचा करार झाला. (कोर्टात त्याला वजन किती, हे वकिलांनाही नक्की सांगता येईना.) पण त्या गोंधळात सगळ्यांनी आमच्या नमुन्यावरही सह्या ठोकल्या! आजोबांनी तो फ्रेम करून स्वयंपाकघरात लावलाय. 'जरा कुकर उतरवा' म्हटलं, की तिकडे बोट दाखवतात. "तुझा हाय गं!"

एवढी नीटनेटकी मी, झाडूपर्यंत सगळं वाटून टाकलं. पण आजोबा कोणाच्या वाट्याला, हे लिहायचंच राहिलं. त्यामुळे ते अजून माझ्याकडेच आहेत.