हुंगून बघ

भाऊ मुंबईहून रक्तातली साखर बघायच्या पट्ट्यांची डबी घेऊन आला आणि मी घरातली डॉक्टरीण झाले. आईच्या बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा, घड्याळात मिनिट मोजून तो कापसाने पुसायचा आणि उमटलेला रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमच्या आळीत कुणाकडेच असलं काही नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझी मान ताठ झाली होती.

मे महिन्यात आई अंगणात साठं घालत होती. आंब्याचा रस ताटांत पसरून उन्हात वाळवायचा, हे तिचं दरवर्षीचं काम. शेजारणीही मदतीला होत्या. जेवणाआधीच्या इन्सुलिनची वेळ झाली, म्हणून मी तिला तिथेच बसवलं, तिचं बोट पदराला पुसलं आणि टोचलं. पट्टी गर्द निळी झाली. डबीवरचा शेवटचा रंग.

“आंबा खाल्लास ना?” मी चारचौघींत ओरडले.

“नाय गो बाय. जिभेला पण नाय लावला.”

“मग पट्टी खोटं बोलते का?”

तिने दंड पुढे केला. डॉक्टरांना न विचारता मी माझ्या मनाने इन्सुलिन वाढवून दिलं.

थोड्या वेळाने तिला दरदरून घाम फुटला, जीभ अडखळायला लागली, मग ती हाकेला ओ देईना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा तिने डोळे उघडले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “थेंब घेण्याआधी हात साबणाने धुतले होते?”

पट्टीने मोजली ती बोटावरच्या रसाची साखर. आई खरंच बोलत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली, ती “असूंदे” म्हणाली.

पण तिने पुन्हा कधी साठं घातली नाहीत. आणि पट्टी काढली की दोन्ही हात माझ्या नाकाशी आणायची. “धुतलेत गो. हुंगून बघ.” पहिल्यांदा मी हसले. नंतर रडू यायचं. माझा विश्वास आहे, हे किती वेळा सांगितलं, तिला ते कधी पटलं नाही.

शेवटच्या दुखण्यात तिला हात उचलवत नव्हता. नर्स साखर बघायला आली, तशी तिने बोटं माझ्याकडे सरकवली. मी वाकून हुंगली. त्या दिवशी ते हात मीच धुतले होते.