लेकीचं लग्न आणि पोटातली हवा

“घ्या नावं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “लग्नात घेता तशीच.”

आ करा, जीभ दाखवा, हे डॉक्टरांकडून ऐकलं होतं. कार्यक्रम करा म्हणणारी डॉक्टर पहिल्यांदाच भेटली. मी खुर्चीवरून उठलो, शर्ट खाली ओढला आणि आवाज लावला. “वारूळवाडीचे प्रगतशील बागायतदार, सोसायटीचे संचालक, वधूचे थोरले मामा, यांचं सहर्ष स्वागत! डिंगोरेचे माजी उपसरपंच...”

नारायणगावातल्या त्या छोट्या दवाखान्याचं दार हळूच उघडलं. बाहेरचे पेशंट आत डोकावले. एका आजींनी तर डोक्यावरचा पदर सारखा केला.

डॉक्टरबाई मात्र माझ्या गळ्याकडे बघत होत्या. “थांबा. प्रत्येक नावाआधी तुम्ही घोट घेता.”

“कशाचा? पाणीसुद्धा दिलं नाही तुम्ही.”

“हवेचा. याला एरोफेजिया म्हणतात. म्हणजे हवा गिळणं. तुमचं पोट फुगतं त्याचं मोठं कारण हेच.”

मी मटकन बसलो. आजार कळला म्हणून लोक रडतात. मला हसू आवरेना.

आमच्या जुन्नर-आंबेगावात लग्नाला मुहूर्त असतो, पण तो पाळायचा नसतो. आधी मानाच्या माणसांची नावं माइकवर घ्यायची. राहिलेल्या नावांच्या चिठ्ठ्या येतच राहतात, तिकडे भात गार होतो. एक नाव राहिलं तर माणूस न जेवता निघून जातो आणि पुढची दहा वर्षं बोलत नाही. ही नावं घेणारा निवेदक म्हणजे मी. एका दमात जितकी जास्त नावं, तितकं आपलं कौतुक. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी हवा गिळायचो.

सुरुवात पॅंटच्या बटणापासून झाली. सकाळी ते आरामात लागायचं, संध्याकाळी लागायचंच नाही. पोटावर टिचकी मारली तर वाजायचं. मला गंमत वाटे. चहाला आलेल्या पाहुण्यांना मी वाजवूनही दाखवायचो.

गंमत संपली ती डिंगोरेच्या एका लग्नात. मंगलाष्टकं सुरू होणार, मांडव शांत, माझ्या हातात माइक, आणि मला ढेकर आला. साधा नाही. चारही कर्ण्यांतून गेला. मागून कुणीतरी ओरडलं, “भाऊ, हा कोणत्या मानकऱ्याचा?” अख्खा मांडव हसला. नवरीही हसली. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत तोंड उतरलं होतं.

कारण माझ्या प्राजक्ताचं लग्न ठरलं होतं. पोरीची एकच अट होती. “तात्या, माझ्या लग्नात माइक तुमच्याच हातात पाहिजे.” सोयरे महाळुंगे पडवळचे, जबरदस्त गोतावळ्याचे. तिथे अंतरपाट धरलेला असताना मी असा वाजलो तर?

मग उपाय सुरू झाले. ओवा खाल्ला, हिंग लावला, आणि दर लग्नानंतर लिंबू-सोडा. सोडा प्यायला की मोठा ढेकर यायचा आणि वाटायचं, सुटलो. नाही आला तर मान ताणून मुद्दाम काढायचा. शेवटी एका दुपारी छातीत दाटल्यासारखं झालं. माझी बायको सुमन म्हणाली, “गॅसच असंल, पन डागदरला सांगू द्या की गॅस हाय म्हणून. तुमी नका सांगू.” तिने मला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं.

आधी ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख. तो ठीक. मग रक्त, मग सोनोग्राफी. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास म्हणून एंडोस्कोपीही झाली. घशातून बारीक नळी जाते, तिच्या टोकाला कॅमेरा असतो. मी विचारलं, “शूटिंग घरी नेता येईल का?” काहीच वाईट निघालं नाही. तेव्हाच बाईंनी ती नावं घ्यायला लावली.

मला आता पोटाचं भलतंच कुतूहल वाटू लागलं होतं. बाईंनी समजावलं, वायू दोन वाटांनी येतो. एक वरून गिळलेला. दुसरा खाली मोठ्या आतड्यात तयार होतो. न पचलेलं अन्न तिथले जिवाणू खातात आणि वायू सोडतात. बेसन, कडधान्यं, कांदा, लसूण त्यांच्या आवडीचं. मी मनात मासवडीची, म्हणजे कांदा-लसणाचं सारण भरलेल्या आमच्या बेसनाच्या वडीची, कृती आठवली. जिवाणूंना एवढं भारी जेवण आमच्याशिवाय कोण घालणार!

“आणि सोडा?”

“तो वायूच आहे, तात्या. शिवाय ढेकर काढण्यासाठी तुम्ही आधी हवा गिळता. एक काढता, दोन भरता.”

मग माझं शिक्षण सुरू झालं. सोडा बंद, सुपारी बंद. उभ्याउभ्या चार घासांत जेवण उरकणं बंद. मटकी भिजवायची, पाणी ओतून द्यायचं, नीट शिजवायची. मासवडी खायची, पण दोनच वड्या. जेवण झालं की ओढ्यापर्यंत चालत जायचं. श्वास नाकाने, सावकाश, पोटापर्यंत. आणि प्रत्येक नावानंतर थांबायचं. काही आठवड्यांत बटण संध्याकाळीही लागू लागलं.

पण थांबून नावं घ्यायची तर लग्न दिवेलागणीला लागणार! सुमनचा भाऊ दगडूभाऊ, माजी सरपंच, आधीच बजावून गेला होता. “दाजी, आमचं नाव पयलं घ्या. न्हाईतर बघा.”

लग्नाच्या दिवशी चिठ्ठ्यांचा ढीग आला. मी त्या खिशात घातल्या, नाकाने श्वास घेतला आणि म्हणालो, “मंडळी, मांडवात आलेला प्रत्येक माणूस माझ्या लेकीचा मानकरी आहे. मुहूर्त झालाय. अक्षता घ्या.”

बस्स. एवढंच.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अक्षता उचलल्या. माइक माझ्या हातात, पोट गप्प. अंतरपाटाआडून प्राजक्ता डोळे पुसत हसत होती. शेवटच्या रांगेत डॉक्टरबाई होत्या. सगळे नवरीकडे बघत होते, त्या माझ्या गळ्याकडे.

पंगतीत दगडूभाऊ माझ्याच शेजारी येऊन बसला. तोंड फुगलेलं. माझं काही चुकलं नाही, असं सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने भाताचा घास घेतला आणि थबकला.

“दाजी,” तो म्हणाला, “लई वर्सांनी लग्नात गरम भात खाल्ला राव.”

तुमचंही पोट असंच वाजत असेल तर वाजवून दाखवत बसू नका. वजन घटत असेल, शौचात रक्त दिसत असेल, घास अडकत असेल, बाईमाणसाचं पोट सतत फुगलेलं राहत असेल, तर घरचे उपाय ठेवा बाजूला. छातीत दाटलं तर गॅस म्हणून थांबूच नका, थेट दवाखाना गाठा. मलाही नेलं म्हणूनच कळलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण पंगत बसून जेवलो. दोन मासवड्या, सावकाश. तिसरी दगडूभाऊने माझ्या ताटात टाकली. मी ती उचलून परत त्याच्या ताटात ठेवली आणि माझ्या सगळ्यात भारदस्त आवाजात म्हणालो, “माजी सरपंच, वधूचे मामा, यांचं सहर्ष स्वागत!”

सगळी पंगत हसली. तोही हसला. मी मात्र आधी घास नीट चावून गिळला होता.