ताईला फुटबॉल आवडत नव्हता

माझी मोठी बहीण तिरोड्याच्या आमच्या संघातली सगळ्यात चांगली खेळाडू होती. मी त्याच संघात गोलकीपर होते. गोंदियाच्या अंतिम सामन्यात तिने तीन गोल मारले आणि राज्याच्या संघात तिची निवड झाली. आम्ही नाचत होतो. ती बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "मी नाही जात. मले हा खेळ कधीच आवडला नाही."

मला वाटलं, थट्टा करते आहे. "मग इतकी वर्षं खेळली काऊन?"

"चांगली खेळत होती म्हणून. आवडते का, हे कोणी इचारलंच नाही."

मी तिच्याच खोलीत झोपायचे, पण मीही कधी विचारलं नव्हतं.

ती खरोखरच गेली नाही. आज ती दरेकशाच्या शाळेत गणित शिकवते आणि त्याबद्दल बोलायला लागली की थांबत नाही.