पाण्याची चिठ्ठी

गोदाक्का माझ्या शेजारच्या वर्गाची बाई. तंजावरकडची मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच, त्यामुळे बोलण्याला तमिळ हेल. मी कराडची, लग्न होऊन चेन्नईला आले आणि सावकारपेठेतल्या या शाळेत गणित शिकवू लागले. आमचं पटायचं कमी. तिला प्रत्येक लेकराची काळजी आणि मला वेळापत्रकाची.

शाळेत विटा-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांची मुलं बरीच. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम, राहणं आणि भट्टी एकाच खोलीत. घरात मराठी, वर्गात तमिळ, मधल्यामध्ये पोराचं तोंड बंद. गोदाक्काच्या वर्गातली अदिती तशीच. पहिलीचं अर्धं वर्ष सरलं तरी तिने शाळेत एक शब्द काढला नव्हता. आमचे हेडमास्तर राजगोपाल सर म्हणाले, पोरगी मंद आहे, वेगळ्या शाळेत धाडा.

गोदाक्काचं डोकं फिरलं. "मंद कशाने? तिच्या घरातल्या वस्तू इथं तिला ओळख देत नाहीत, एवढंच."

मग तिने जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या. वर मराठी शब्द, खाली तमिळ. तवा, दार, चूल, पाणी. पोरीने त्या घरी न्यायच्या, ज्या त्या वस्तूवर डकवायच्या आणि येता-जाता वाचायच्या. मी चिडवलं, "अक्का, माझ्या कपाळावरही डकव एक." ती म्हणाली, "वेळापत्रक असं लिहून डकवते."

एक दिवस मधल्या सुट्टीत अदितीने पेला उचलला आणि म्हणाली, "पाणी. तण्णी." गोदाक्का मला बोलवायला धावत आली. त्यानंतर पोरगी रोज बोलायला लागली. सरही म्हणाले, बघू, राहू दे.

पेला सगळ्या वर्गाचा एकच. इकडच्या रीतीप्रमाणे तो ओठाला लावायचा नाही, वरून धार तोंडात सोडायची. गोदाक्का याबाबतीत फार कडक. उष्टं तिला खपतच नाही, नवऱ्याचंसुद्धा नाही. तिने पोरांकडून ते घोटून घेतलं होतं.

अदितीचा बाप अमरसिंह पातळ केलेलं ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवायचा, वरच्या फळीवर. घरातल्या मोठ्यांना जागेवरून कळायचं. एका रविवारी फळी पुसायला काढली आणि बाटली खाली जमिनीवर आली. अदितीकडे पाण्याची एक चिठ्ठी उरली होती. तिने ती त्या बाटलीवर डकवली. थोड्या वेळाने धाकट्या भावाला, यशला, तहान लागली. आई रेशनला गेलेली, बाप भट्टीशी. अदितीने बाटलीवरचं दोन्ही भाषांत वाचून दाखवलं आणि भावाला तोंड वर करायला सांगितलं. ओठाला लावलं असतं तर चटका बसून पोर थांबलं असतं. वरून सोडलेली धार थेट घशात गेली.

यश जगला. पोटात नळी घातली आहे, तिच्यातूनच जेवण. घसा पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

मला भयंकर राग आला होता. गोदाक्काला मी तोंडावर विचारलं, "कुणी सांगितलं होतं लोकांच्या घरात शिरायला?" ती नुसतं "खरंय" म्हणाली. मग मला जास्तच वाईट वाटलं.

आम्ही दोघी त्यांच्या खोलीवर गेलो. अमरसिंह मान खाली घालून म्हणाला, "बाई, बाटली माझी होती." त्याची बायको उलथन्याने दारावरची चिठ्ठी खरवडत होती. तिने आमच्याकडे बघितलं नाही. गोदाक्का खाली बसली आणि नखाने तव्याच्या दांड्यावरची चिठ्ठी काढायला लागली.

अदिती शाळेत परत आली ती पुन्हा मुकी होऊन. आणि पाणी पिईना. मार्चचं ऊन, पोरीचे ओठ फुटलेले, पण पेला पुढे केला की ती हात पाठीमागे घ्यायची. दोन दिवस गोदाक्काने समजावलं. तिसऱ्या दिवशी तिने पेला उचलला, सगळ्या वर्गासमोर ओठाला लावला, घोट घेतला आणि तोच पेला पोरीला दिला. अदिती तिच्या गळ्याकडे बघत राहिली. मग प्यायली. तेव्हापासून रोज हेच चाललं. शब्द मात्र एकही आला नाही.

सरांनी शेवटी तिला वेगळ्या शाळेत धाडलंच. पहिल्या दिवशी आम्ही सोबत गेलो. गोदाक्काने नव्या बाईंना सगळं तमिळमध्ये नीट समजावून सांगितलं. आधी तुम्ही ओठ लावून प्या, मग तिला द्या, नाहीतर ती दिवसभर कोरडी राहील.

त्या बाईंनी तोंड वाकडं केलं. "एच्चिल?" म्हणाल्या. म्हणजे उष्टं.

जन्मभर गोदाक्काही हेच म्हणत आली होती. ती हात जोडून उभी राहिली. बाईंनी पेला भरून बाकावर ठेवला आणि फळ्याकडे वळल्या. अदितीने हात पाठीमागे घेतले.